पोकळ शब्द

सहावी 'ब'चा वाचनाचा तास चालू होता आणि वर्गातली अडतीस मुलं भर समुद्रात होती. बाहेर वरूडचं नोव्हेंबरातलं ऊन होतं, संत्र्यांचे क्रेट भरलेले ट्रक रस्त्याने धडधडत जात होते आणि खरा समुद्र तिथून सातशे किलोमीटरवर होता. पण पुस्तकातली होडी खडकावर आदळायच्या बेतात असल्यामुळे ट्रककडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

पुस्तक म्हणजे पाठीमागे थोडा जाड पुठ्ठा लावलेला, पाटीएवढा एक वाचनपट. त्याच्या वरच्या काठावर तिळाएवढा कॅमेरा होता. मुलं पुस्तक वाचत आणि तो तीळ मुलांचे डोळे वाचे. ओळखीच्या शब्दावरून नजर सेकंदाच्या पाचव्या भागात पुढे सरकते. अनोळखी शब्द आला की ती अर्धा सेकंद तरी थबकते, मागे जाते, पुन्हा येते. या थबकण्याला प्रकल्पातली माणसं 'अडखळ' म्हणत. 'सुकाणू' हा शब्द वरूडच्या मुलांना पहिल्यांदा भेटला तेव्हा अडतीसपैकी पस्तीस जण अडखळले होते. तोच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत नऊ-दहा वेळा भेटल्यावर अडखळ संपली. सुकाणू मुलांच्या मालकीचं झालं, कुणी अर्थ सांगितला नाही की घोकून घेतला नाही.

मागच्या बाकावर डॉ. केतकी उमाळकर आपल्या पडद्यावर हे सगळं आलेखांच्या रेषांतून बघत होती. नागपूरच्या एका संस्थेचा हा प्रकल्प होता आणि तीस शाळांमधली अकराशे चाळीस मुलं त्यात होती. गोष्ट वाचता वाचता मुलाच्या डोक्यात नवा शब्द नेमका कधी रुजतो, एवढाच साधा प्रश्न होता. साध्या प्रश्नांनी केतकीला लहानपणापासून छळलं होतं. आता त्याचा पगार मिळत होता.

तिच्या पडद्यावर हिरव्या रेषा खऱ्या शब्दांच्या होत्या: शीड, भरती, डोलकाठी, नांगर. सगळ्या शहाण्यासारख्या उताराला लागल्या होत्या. खाली राखाडी रंगात पोकळ शब्दांच्या चोवीस रेषा होत्या.

पोकळ शब्द ही केतकीचीच कल्पना. शब्द नुसता वारंवार दिसला तरी डोळ्यांना त्याची सवय होते. ती सवय कुठली आणि खरं समजणं कुठलं, हे वेगळं काढायचं तर काही शब्द असे हवेत, की ज्यांना अर्थच नाही. म्हणून संगणकाकडून मराठीच्या वळणाचे चोवीस शब्द बनवून घेतले. ढुरवा, गुंचर, विहुट, कांपळी, सिमोळ असे. कादंबरी लिहिणाऱ्याला अट घातली की प्रत्येक पोकळ शब्द दर वेळी वेगळ्याच अर्थाने यायला हवा. त्याप्रमाणे 'ढुरवा' तिसऱ्या पानावर मासा होता, विसाव्या पानावर ताप होता आणि साठाव्या पानावर कुणीतरी तो खुंटीला टांगला होता. मुलं असल्या शब्दापाशी थांबत, वैतागत आणि सोडून देत. राखाडी रेषा त्यामुळे आडव्याच राहायच्या.

तेवीस आडव्या होत्या. चोविसावी उतरत उतरत तळाला गेली होती.

केतकीने चष्मा पुसला. रेषेवर बोट ठेवल्यावर नाव आलं, सिमोळ. पाचव्या भेटीतच अडखळ शून्य. 'सुकाणू'ला नऊ भेटी लागल्या होत्या. तिने बाकीच्या एकोणतीस शाळा उघडून पाहिल्या. चंदगडपासून नवापूरपर्यंत सगळीकडे तीच घसरण होती. ज्या शब्दाला अर्थच नव्हता, तो मुलं सगळ्यांत आधी शिकली होती.

मधल्या सुट्टीत ती चिंचेखाली डबा खात होती. पलीकडे दोन मुली अंगतपंगत करून बसल्या होत्या, पण रोजच्यासारखी बडबड नव्हती. शेवटी एकीने पोळीचा तुकडा खाली ठेवला.

"तुह्या बाबांची बदली झाली हे तुले माहीत, मलेही माहीत," ती म्हणाली. "मंग सिमोळ काऊन धरून बसलो आपण?"

दुसरीने मान खाली घातली, मग एकदम हसली, आणि मग दोघी नव्या गावाबद्दल इतक्या बोलायला लागल्या की घंटा झाली तरी डबे तसेच. केतकीच्या हातातला घास मात्र हातातच राहिला. तिला आनंद झाला होता आणि भीतीही वाटली होती, दोन्ही एकदम.

मुलांना पोकळ शब्दांबद्दल विचारायचं नाही असा नियम होता, तो तिनेच केला होता. म्हणून संध्याकाळी लॉजवर तिने कादंबरीच उघडली आणि 'सिमोळ' असलेले अकराही उतारे सलग वाचले. गोष्ट होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाची आणि चिमा नावाच्या त्याच्या नातीची होती. पहिल्या उताऱ्यात होडी वाट चुकली आहे. तांडेलाला ते कळलंय, चिमालाही कळलंय, आणि दोघं एकमेकांना काही न सांगता उरलेला भात वाटून खाताहेत. *दोघांमध्ये सिमोळ आलं.* दुसऱ्या उताऱ्यात वादळ होतं, तिसऱ्यात ताप, चौथ्यात बंदरावरचा निरोप. विषय दर वेळी वेगळा, त्यामुळे तपासणाऱ्या संगणकाने शब्द दर वेळी निराळ्या अर्थाने आलाय असं ठरवून पास केला होता. पण अकराही ठिकाणी दोन माणसं होती, दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती, आणि दोघंही दुसऱ्याला त्रास नको म्हणून ती ओठांवर आणत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला जाऊन लेखकाच्या दारात उभी राहिली. गुणवंत लांजेवार चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पन्नास वर्षं मुलांसाठी लिहून त्यांना दोन पुरस्कार आणि दोन गुडघेदुख्या मिळाल्या होत्या, असं ते स्वतःच सांगत.

"सापडलो म्हणायचं," केतकीने आलेख पुढे करताच ते म्हणाले. त्यांनी रेषा इकडून तिकडून पाहिली आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"काका, करार होता आपला."

"होता ना. तेवीस शब्द तुझ्या यादीप्रमाणे घातले की नाही? एकाला मासा केलं, ताप केलं, खुंटीला टांगलं. पाप लागेल मला त्याचं. पण बेटा, तो भात वाटायचा प्रसंग लिहायला बसलो आणि शब्दच सापडेना. अबोला म्हणावं, तर अबोल्यात राग असतो. मौन म्हणावं, तर ते साधुसंतांचं. संकोच लिहिला, तर दोघं परके वाटायला लागले. तीन दिवस पान तसंच. आणि समोर तुझी यादी, त्यात हा रिकामा शब्द नुसता पडलेला. घरात रिकामा डबा असला की बाई त्यात काहीतरी भरतेच. मी भरला."

"म्हणजे मुद्दाम केलंत."

"पहिल्यांदा मुद्दाम. पुढच्या दहा वेळा तो आपोआप आला. मला अडवताच आलं नाही." त्यांनी आलेख पुन्हा जवळ ओढला. "मुलं वापरतात का गं?"

केतकीने चिंचेखालचं बोलणं सांगितलं. लांजेवारांनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि चहा गार झाल्याची तक्रार आतल्या खोलीकडे बघून केली.

केतकीला त्यांच्यावर रागावता आलं नाही. पण खरी अडचण पुढेच होती. प्रकल्प सुरू होताना अकराशे चाळीस घरांना लेखी वचन दिलं होतं की, वर्षाअखेर मुलांच्या डोक्यात एकही बनावट शब्द राहणार नाही. त्यासाठी वाचनपटात 'परती'ची सोय होती. आठवण एकदा डोक्यात बसली की ती पक्की, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी आठवण काढली की ती थोडा वेळ ओल्या सिमेंटसारखी असते. तेवढ्या वेळात तिच्यावर दुसरं काही उमटवलं, तर सुकताना ती नव्या आकाराची होऊन सुकते. परतीत मुलाला आधी पोकळ शब्द आठवायला लावायचा, मग लगेच एका पुरवणी प्रकरणात त्याच वाक्यांमध्ये त्याच्या जागी जवळचा खरा शब्द वाचायला द्यायचा. एका बैठकीत पोकळ शब्द निघून जाई. मुलाला तो होता हेसुद्धा आठवत नसे. प्रयोगशाळेत हे पन्नास वेळा सिद्ध झालं होतं.

तिने नागपूरला प्रकल्पप्रमुख डॉ. सबनीसांना फोन लावला आणि एका शब्दाला वगळता येईल का, असं विचारलं.

"शब्द चांगला आहे म्हणून?" सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी बसलेला असे, त्यामुळे ते रागावलेत की थकलेत ते कळत नसे. "केतकी, आपण काय करून बसलोय ते बघ. पाच वेळा डोळ्यांसमोर आणून अकराशे मुलांच्या तोंडी आपल्याला हवा तो शब्द घातला. आज तो गोड निघाला. उद्या कुणी साबणवाला येईल, परवा कुणी निवडणूकवाला, आणि म्हणेल, तुम्ही ठेवलात ना एक, मग आमचाही राहू द्या. आपण दिलेलं वचन एवढीच एक कडी आहे या दाराला."

 खरं सांगायचं तर सबनीस बरोबर आहेत, हे तिलाही पटत होतं.

परतीच्या आधीच्या आठवड्यात ती वरूडला आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीबाहेर एक बाई बसल्या होत्या. पस्तिशीच्या, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या, मांडीवर पर्स धरून.

"मी रेणूची आई, प्रणिता ढोमणे. संत्र्याच्या प्रतवारी केंद्रावर हिशेबनीस आहो," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकातल्या एका शब्दाचं विचाराचं होतं. मोबाइलवर पाह्यला, कोणत्याच कोशात नाही सापडला. सिमोळ."

केतकी त्यांच्याशेजारी बसली. "कुठे ऐकलात तुम्ही?"

प्रणिताबाईंनी रुमाल नीट केला. "मले गाठ निघाली जूनमध्ये. दर तीन आठवड्यांनी नागपूरले जा लागते सुईसाठी. रेणूले सांगतलं का ट्रेनिंग आहे. आता ट्रेनिंगले जाणारी बाई घरी येऊन वांत्या करते काय, तुम्हीच सांगा. पण पोरगी काही विचारे नाही. मले वाटे, लहान आहे, तिले काही समजलंच नाही. परवा आम्ही दोघी मेथी निवडून राह्यलो होतो, तं म्हणे, आई, आपल्या दोघीत सिमोळ आहे ना? मले वाटलं, हे आणखी कोणतं दुखणं काढलं हिनं. मंग तिनं त्या होडीची गोष्ट सांगतली. म्हाताऱ्याले माहीत असते वाट चुकली, पोरीलेही माहीत असते, आन् दोघं भात खातात. आन् म्हणे, आई, तू रोज भात वाढतेस आन् मी खातो."

त्या थांबल्या.  खोलीत कुणीतरी हजेरीपटावर शिक्के मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मंग आम्ही बोललो," प्रणिताबाई म्हणाल्या. "पाच महिन्यांत पहिल्यांदा. ती रडली, मी रडली, मेथी तशीच राह्यली. तिनं फाइल ऑगस्टमध्येच वाचली होती, बाप्पा! तवापासून एकटीच घेऊन फिरून राह्यली होती. म्हणून म्हटलं, हा शब्द कुठचा आहे ते विचारावं. कोकणातला आहे का? माह्या बहिणीलेही सांगाचा आहे. आमच्यातही आहे थोडंसं."

केतकीने मग सगळं सांगून टाकलं. संगणकाने बनवलेले चोवीस शब्द, लांजेवारांचा रिकामा डबा, घरोघरी दिलेलं वचन आणि पुढच्या सोमवारची परती. सांगताना तिला शाळेत चोरी कबूल करणाऱ्या मुलीसारखं वाटत होतं.

"म्हणजे खोटा शब्द आहे?"

"बनवलेला आहे."

"बनवलेले तं सगळेच असतीन. कोणीतरी पहिल्यांदा म्हटलंच असन ना." प्रणिताबाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "काढल्यावर काय होईन? आमचं बोलणंही विसरन का ती?"

"नाही. बोलणं सगळं आठवेल. फक्त तो शब्द आठवणार नाही."

"पुढच्या महिन्यात माहा रिपोर्ट येते," त्या सावकाश म्हणाल्या. "कसा येईन, देव जाणे. तवा पुन्हा बोला लागन आम्हाले. आन् मले माहीत आहे, मी पुन्हा लपवीन. माणूस तसंच असते. तवा ती सुरुवात कशानं करन?"

केतकीने खोलीतल्या कपाटातून संमती मागे घ्यायचा कागद आणला. पालकांना कधीही मुलाला प्रकल्पातून बाहेर काढता येत होतं. "तुम्ही सही करा. रेणूची परती होणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

प्रणिताबाईंनी कागद वाचला. हिशेब तपासायची सवय असलेल्या माणसासारखा, प्रत्येक ओळीखाली बोट नेत. मग परत दिला.

"तिच्या एकटीपाशी राहून काय करता? वर्गात ती म्हणन सिमोळ, आन् बाकीचे तोंडाकडे पाहातीन. तो शब्द बोलाचा कोणाशी?" त्या उठल्या. "वचन तुम्ही मलेही दिलं होतं, मी वाचूनच सही केली होती. तुमची चूक नाही काही. पण एक करा मॅडम. लेकरांपासून लपवून नका करू. आम्ही ते करून पाह्यलं आहे."

त्या संध्याकाळी केतकीने लांजेवारांना फोन केला. परतीसाठी प्रत्येक पोकळ शब्दाच्या जागी कुठला खरा शब्द घालायचा, ते संगणक ठरवत असे. पण लेखकाला वाटल्यास त्याला बदल सुचवता येत होता.

"दोन दिवस दे," ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज कोशांच्या ढिगाखालून आल्यासारखा दमलेला होता. "मूकपणा, आडपडदा, भीड, गुपित. सगळे घालून पाहिले गं. भीड घातली तर तांडेल नातीला घाबरतो. आडपडदा घातला तर दोघं लबाड होतात. एवढी जुनी भाषा, इतकी माणसं होऊन गेली, प्रत्येक घरात हे घडलं असणार, आणि त्याला नाव द्यायचं कुणाला सुचलंच नाही? की सुचलं होतं आणि कुणीतरी आपल्यासारखंच परत घेतलं?"

"काका, सोमवारी काहीतरी घालावं लागेल."

"मग घालू दे तुझ्या यंत्राला. माझ्या हातून नको."

सोमवारी सहावी 'ब'मध्ये केतकी पहिल्यांदाच मागचं बाक सोडून फळ्यापाशी उभी राहिली. तिने मुलांना सरळ सांगितलं की, तुमच्या पुस्तकात मी चोवीस शब्द बनवून घातले होते, ते खरे नव्हते, आणि आज ते परत घ्यायचे आहेत. दुखणार नाही. गोष्ट तशीच राहील. मुलांनी हे बऱ्यापैकी शांतपणे घेतलं. 'ढुरवा' खोटा होता, हे कळल्यावर तर पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या.

"मले पहिल्यापासूनच शंका होती," कुणीतरी म्हणालं.

वाचनपटांवर शब्द एकेक करून येऊ लागले. प्रत्येकाखाली एक रिकामी ओळ होती, 'या शब्दावरून तुला काय आठवतं?' आठवण ओली करायची ती ओळ. मुलं लिहीत गेली आणि उत्तरं नावांशिवाय केतकीच्या पडद्यावर येत गेली. *गुंचर: माहीत नाही. विहुट: चप्पल? कांपळी: बारबुद्धे मॅडमची साडी.* अर्ध्या तासात तेवीस शब्द संपले. दर शब्दाला केतकी परतीचं बटण दाबे, मुलं पुरवणी प्रकरणातला त्याचा उतारा वाचत आणि त्याची राखाडी रेषा पडद्यावरून पुसली जाई. केतकीच्या मनातल्या शास्त्रज्ञाला ते बघायला आवडत होतं, हेही नाकारून चालणार नाही.

शेवटी सिमोळ आलं.

या वेळी मुलं लवकर हात थांबवेनात. केतकीला वाटलं होतं, होडी येईल, तांडेल येईल, भात येईल. अडतीसपैकी एकाही ओळीत होडी नव्हती.

*बाबांचं दुकान चालत नाही. ते रोज डबा घेऊन जातात आणि मी टाटा करतो.*

*दादा परीक्षेला बसलाच नव्हता. त्याला माहीत आहे की मला माहीत आहे.*

*आजोबा मला आत्याच्या नावाने हाक मारतात. मी ओ देते.*

*आमची गाय विकली तेव्हा आई आणि मी दोघी तिच्यासाठी चारा कापत होतो.*

*माझी मैत्रीण जूनमध्ये जाणार. पण आता आम्ही बोललो.*

केतकी वाचत राहिली. अडतीस घरं होती आणि प्रत्येक घरात कुणीतरी भात वाढत होतं. चंदगडपासून नवापूरपर्यंतच्या बाकीच्या एकोणतीस शाळा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. हे सगळं या मुलांच्या आत कधीपासूनच होतं. फक्त उचलून दाखवायला, कपाला असतो तसा कान नव्हता, तो एका म्हाताऱ्याने करार मोडून बसवला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ मोजली जात होती. आठवण ओली होती आणि ती अजून वीस मिनिटं ओली राहणार होती. खाली परतीचं बटण होतं. सबनीसांचं दार, साबणवाला, निवडणूकवाला, वचनाखालची तिची स्वतःची सही, सगळं तिला आठवत होतं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तिने बोट बटणाजवळ नेलं.

खिडकीजवळच्या रांगेतून हात वर झाला. दोन वेण्या, बारीक चेहरा, आईसारखीच भिवई. रेणू ढोमणे उभी राहिली.

"मॅडम, याच्या जागी कोणता शब्द येणार आहे?"

तसं सांगायचं नसतं. पण लपवायचं नाही, असं ठरलं होतं. केतकीने पडद्यावर पाहिलं. यंत्राने लाखो वाक्यं धुंडाळून त्यातल्या त्यात जवळचा शब्द निवडला होता.

"शांतता," केतकी म्हणाली.

रेणूने विचार केला. तिला कुणाला अडचणीत आणायचं नव्हतं, तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"पण मॅडम, शांतता तं आमच्या घरी आधीपासूनच होती," ती म्हणाली. "मंग आईचा रिपोर्ट आल्यावर मी काय म्हणू?"